मुख्यमंत्र्याहून मोठं पद, ७१ कोटी युआनची लाच आणि जन्मठेप! चीनचे झाओ झेंगयोंग कोण?

झाओ झेंगयोंग यांनी सुरुवातीला पोलाद कारखान्यात काम केलं. पुढे ते आनहुई प्रांताचे पोलीस प्रमुख झाले आणि २००१ मध्ये शान्शी प्रांतात आले. तिथे ते आधी गव्हर्नर आणि २०१२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सचिव झाले. चीनमध्ये पक्षसचिव गव्हर्नरपेक्षाही वरचढ असतो.

मग बिनसलं कुठे?

शिआन शहराजवळच्या चिनलिंग पर्वतात बेकायदा बंगले उभे राहिले होते. ते हटवा, असं २०१४ पासून शी जिनपिंग यांनी वारंवार बजावलं. स्थानिक प्रशासनाने आधी जेमतेम २०२ बंगले दाखवले. २०१८ मध्ये केंद्राचं पथक उतरलं, तेव्हा आकडा हजाराच्या पुढे गेला.

जानेवारी २०१९ मध्ये निवृत्त झाओंची चौकशी सुरू झाली. १५ वर्षांत ७१.७ कोटी युआन, म्हणजे साडेसातशे कोटी रुपयांहून जास्त लाच घेतल्याचं सिद्ध झालं.

जुलै २०२० मध्ये त्यांना फाशी सुनावली गेली, पण दोन वर्षं स्थगितीसह. या काळात नवा गुन्हा केला नाही, तर फाशीची जन्मठेप होते. झाओंना मात्र त्यानंतर शिक्षेत सूट नाही, पॅरोलही नाही.

प्रश्न उरतोच: पोलीस, न्यायालयं आणि माध्यमं पक्षाच्याच हाती असताना सचिवाला १५ वर्षं विचारणार कोण?