गुलामगिरीचा धडा: शिक्षकांनी आधी काय शिकावे?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्याच अमेरिकेत हा इतिहास आजही नीट शिकवला जात नाही. सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, गुलामगिरी हे यादवी युद्धाचे मुख्य कारण होते हे बारावीच्या केवळ ८ टक्के मुलांना सांगता आले. मुलांना दोष देण्याआधी शिक्षकांना काय शिकवले जाते, ते पाहायला हवे. शिक्षकांनी आधी दूर करावेत असे हे काही गैरसमज.

गैरसमज: गुलामगिरी फक्त दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांत होती.
वस्तुस्थिती: उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्सने १६४१ सालीच तिला कायद्यात जागा दिली. न्यूयॉर्कमध्ये ती १८२७ पर्यंत टिकली. तिथे १९९१ मध्ये इमारतीसाठी खोदकाम करताना आफ्रिकी लोकांची विसरलेली दफनभूमी सापडली आणि ४०० हून अधिक जणांचे अवशेष निघाले. कापसाचे पीक फोफावले ते अठराव्या शतकाच्या अखेरीनंतर. त्याआधी गुलामांचे हात तंबाखू आणि भात पिकवत होते.

गैरसमज: गुलाम तर जगभर होते, अमेरिकेत वेगळे काय?
वस्तुस्थिती: व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे ठरवले. त्यामुळे मालकापासून झालेले मूलही गुलामच राहिले. दास्य कातडीच्या रंगाशी बांधले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालले.

गैरसमज: गुलामांनी मुकाट्याने सोसले.
वस्तुस्थिती: १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी बंड केले. १७८१ मध्ये एलिझाबेथ फ्रीमन या स्त्रीने मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात दावा लावून स्वतःचे स्वातंत्र्य मिळवले.

गैरसमज: वर्गात लिलावाचे नाटक केले की मुलांना वेदना कळते.
वस्तुस्थिती: अशा नाटकात अत्याचाराचा खेळ होतो आणि कृष्णवर्णीय मुलांचा सर्वांदेखत अपमान होतो. त्याऐवजी शिक्षकाने मुलांसमोर जुन्या वर्तमानपत्रांतली फरारी गुलामांची जाहिरात ठेवावी. पळालेला माणूस ओळखू यावा म्हणून मालक त्यात त्याचे कसब, त्याला येणाऱ्या भाषा, पाठीवरचे वळ, तो बायकोकडे गेला असावा हा संशय, असे सगळे छापत असे. मुलांना विचारावे: हा कोण होता? त्याला काय येत होते? तो कोणासाठी पळाला? मग फळ्यावर ‘गुलाम’ या शब्दाऐवजी ‘गुलाम केलेला सुतार’ किंवा ‘गुलाम केलेली आई’ असे लिहिले जाईल. प्रशिक्षणात शिक्षकाला आधी हे वाचन शिकवायला हवे.