माग तोच, नक्षी आपली

सोलापुरी चादरीची नक्षी ठरते ती जकार्डच्या छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर. पुठ्ठे बदलले की त्याच मागावर वेगळी चादर निघते. टेक्स्ट एडिटरमध्ये हे काम आत बसवलेली प्रोग्रॅमिंग भाषा करते: १९८५च्या ग्नू ईमॅक्समध्ये लिस्प, निओव्हिममध्ये १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेली लुआ.

समजा, भवानी पेठेतल्या एखाद्या डीटीपीवाल्याला पुस्तकभर विखुरलेले इंग्रजी अंक देवनागरी करायचे आहेत. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, आपल्या शून्याचा २४०६. प्रत्येक अंकाच्या क्रमांकात २३५८ मिळवणाऱ्या चार ओळी लिहायच्या आणि एका बटणाला जोडून टाकायच्या. एडिटर बनवणाऱ्याला ही गरज सुचण्याची वाट पाहावी लागत नाही, हेच मला फार मोलाचं वाटतं. मात्र ईमेल आणि वेबपत्त्यांतले अंक वगळायची अट आधी घाला.