ताप गेला, दुखणे राहिले

एखाद्या घरात आजीला चिकुनगुन्या होतो. चार-पाच दिवसांत ताप उतरतो. घरातले म्हणतात, "आजी बरी झाली." पण सकाळी उठल्यावर आजीची बोटे आखडलेली असतात. लाटणे हातात धरवत नाही. जमिनीवरून उठायचे तर भिंतीचा आधार लागतो. असे महिनोन् महिने चालते. मग कोणीतरी हळूच म्हणते, "आजी सोंग तर करत नाही ना?"

नाही, मुलांनो. या आजाराच्या नावातच ते दुखणे आहे. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील टांगानिका देशात त्याची साथ आली. हा भाग आज टांझानियात आहे. चिकुनगुन्या हा शब्द तेथील माकोंडे लोकांच्या भाषेतला. त्याचा अर्थ वाकवून टाकणारा.

आपल्याकडे १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ही साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. पुढे बरीच वर्षे हा आजार फारसा दिसला नाही. २००६ साली तो महाराष्ट्रात पुन्हा पसरला.

हा विषाणू अंगावर पांढरे पट्टे असलेल्या, दिवसा चावणाऱ्या डासामुळे पसरतो. डेंग्यूही हाच डास पसरवतो. अरबस्तानातील जेद्दा शहरात १९९४ साली डेंग्यूचा विषाणू सापडला होता. डेंग्यूनंतरही काही जणांना कित्येक आठवडे थकवा राहतो.

आता दुखणे का राहते ते पाहू. तुमच्या पायात कधी काटा मोडला आहे का? ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. ही सूज काट्यामुळे येते असे आपल्याला वाटते. खरे तर ती आपल्याच शरीराच्या कामामुळे येते. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात आणि आणखी पेशींना बोलावणारे पदार्थ सोडतात. याला दाह म्हणतात. विषाणू सांध्यात शिरला की तेथेही हेच घडते. विषाणू गेला की दाह थांबायला हवा. काही जणांत तो थांबत नाही.

का थांबत नाही? हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २००५-०६ साली मोठी साथ आली. तेथील एका रुग्णाचे सांधे दीड वर्षानंतरही दुखत होते. संशोधकांनी त्याच्या सांध्याच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा तपासला. त्यातील पेशींत विषाणूचे अंश सापडले! शत्रू पळाला, पण त्याचे सामान मागे राहिले, म्हणून पहारेकरी जागेच राहिले, असे म्हणा ना. अर्थात एका रुग्णावरून सर्वांचे ठरत नाही. दुसऱ्या काही संशोधकांना दीर्घकाळ दुखणाऱ्या रुग्णांच्या रक्तात दाह वाढवणारे पदार्थ जास्त आढळले.

असे शोध लावायला वेळ लागतो. त्याच रुग्णांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भेटावे लागते. कोणता सांधा दुखतो, सकाळी किती वेळ आखडतो, मूठ वळते का, हे विचारून लिहून ठेवावे लागते. वय जास्त असलेल्यांना हा त्रास अधिक काळ होतो, हे अशा नोंदींमधूनच समजले. दोन शेजाऱ्यांना एकदमच ताप आला, तरी एकाचे सांधे महिन्यात मोकळे होतात आणि दुसऱ्याचे वर्षभर दुखतात. त्याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही.