झाडांची छाटणी आणि आपली जबाबदारी

माझे बहुतेक आयुष्य ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगारांत गेले. वनस्पतिशास्त्र मी शाळेत शिकलो नाही. जे थोडे समजते ते रात्री वाचून आणि झाडावर चढणाऱ्या मजुरांना विचारून समजले. झाडे लावावीत, हे आपणास सांगण्याची गरज नाही. लावलेल्या झाडाला पुढे करवत कोणी व कशी लावावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सिडकोची स्थापना 1970 साली झाली. त्या पहिल्या वर्षांत लावलेली झाडे आता पन्नाशी ओलांडीत आहेत. या वयाला कायद्यातही अर्थ आहे. शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा आपल्या राज्याचा कायदा 1975 चा. 2021 साली त्यात दुरुस्ती झाली व पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरले. म्हणजे आपले नवे म्हणविले जाणारे शहर आता प्राचीन वृक्षांचे धनी होत आहे.

पण मे महिन्यात काय दिसते? पावसाळा तोंडावर येतो, झाड पडेल ही भीती असते, आणि भीतीपोटी त्याचा शेंडाच उडविला जातो. भीती खोटी नाही; झाडाखाली माणसे मेली आहेत. उपाय मात्र उलटा आहे. पान हे झाडाचे स्वयंपाकघर. ते एकदम गेले की झाड साठविलेल्या अन्नावर घाईने नवे धुमारे फोडते. हे धुमारे जुन्या फांदीसारखे आतून रुजलेले नसतात. वरवर चिकटलेले असतात. खाली उघडे पडलेले लाकूड कुजू लागते. दोनतीन वर्षांनी तेच धुमारे जड होऊन वादळात कोसळतात.

अमेरिकेच्या वनखात्यातील अलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने असंख्य झाडे उभी चिरून पाहिली. त्याने दाखविले, की आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत घालते व कूज कोंडून ठेवते. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी एक कड असते. ही भिंत घालण्याचे सामर्थ्य तेथे असते. म्हणून फांदी त्या कडेच्या बाहेर कापावी. खोडाला घासून कापू नये, लांब खुंटही ठेवू नये.

जड फांदीला तीन काप द्यावे लागतात. पहिला खोडापासून हातभर दूर, खालच्या बाजूने, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी तेथे पडते आणि साल खोडापर्यंत सोलली जात नाही. तिसरा काप कडेबाहेर, उरलेल्या खुंटाचा. त्याआधी घरट्यात अंडी-पिल्ले नाहीत ना, हे पाहावे.

एका मजुराला मी हे समजावीत होतो. तो म्हणाला, “भाऊ, हे मला ठाऊक आहे. पण आमचा कंत्राटदार गाडी मोजतो. नीट कापलं तर गाडी भरत नाही.” मी निरुत्तर झालो. कसब त्याच्या हातात होते, पण दाम फांद्यांच्या ढिगाला होता. त्याच्या कमरेला पट्टा नव्हता, डोक्यावर टोपही नव्हते. झाडाचा आणि त्या माणसाचा घात एकाच कागदावर लिहिलेला होता.

म्हणून जबाबदारी करवत धरणाऱ्यावर ढकलून भागणार नाही. काम देताना गाडीऐवजी झाड मोजावे. कोणती फांदी व का काढावयाची, हे आधी लिहून द्यावे. मजुराला शिक्षण, दोर, पट्टा व पुरेसा वेळ द्यावा. मुळांचीही आठवण ठेवावी. दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिला होता. बुंध्यापर्यंत फरशी भिडविणाऱ्या आपल्या सोसायट्यांनी तो विचारात घ्यावा.

यंदा आपल्या आळीत करवत येईल तेव्हा खाली उतरून दोन प्रश्न विचारा: परवानगी कोणत्या फांदीची आहे, आणि वर चढलेल्या माणसाचा पट्टा कोठे आहे? दोन्ही प्रश्न सारख्याच काळजीने विचारा, एवढीच माझी विनंती आहे.