मोंबासा : एका बेटाची दोन बंदरे

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे चार अंशांवर, समुद्राच्या दोन फाट्यांनी वेढलेले पोवळ्याच्या खडकाचे एक लहानसे बेट आहे. केनिया या देशाचे मोंबासा हे पुरातन शहर मुख्यतः याच बेटावर वसले असून पुढे त्याचा विस्तार भोवतालच्या मुख्य भूमीवर झाला आहे. २०१९ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. बेटाच्या पूर्व अंगास ट्यूडर खाडीच्या मुखाशी शिडाच्या गलबतांचे जुने बंदर आहे, तर पश्चिम व दक्षिण अंगास किलिंडिनीचे खोल, निवाऱ्याचे पाणी असून तेथे आज अजस्र मालवाहू जहाजे लागतात. या दोन बंदरांमधले अंतर पायी सहज काटण्याजोगे आहे. परंतु शहराचे दैव एका बंदराकडून दुसऱ्याकडे सरकण्यास कित्येक शतके लागली, आणि मोंबासाचा खरा इतिहास म्हणजे या स्थलांतराचाच इतिहास होय, असे मला वाटते.

जुने बंदर वाऱ्याने घडविले. मार्गशीर्षाच्या आगेमागे ईशान्येकडून वाहू लागणाऱ्या वाऱ्यास तेथील दर्यावर्दी ‘कस्काझी’ म्हणतात; त्याच्या बळावर अरबस्तान, इराणी आखात, कच्छ आणि मलबार येथील तारवे खजूर, कापड, मणी, भांडी व गालिचे घेऊन खाली उतरत, आणि चैत्र-वैशाखात वारा फिरून नैर्ऋत्येचा ‘कुसी’ सुरू झाला, की हस्तिदंत, अंबर, कातडी आणि खारफुटीचे वासे भरून परतत. अरबस्तानच्या वृक्षहीन किनाऱ्यावरील घरांची छते याच वाशांवर उभी राहत, त्यामुळे तेथील खोल्यांची रुंदीदेखील आफ्रिकेतील कांदळवनाने ठरविली, ही गोष्ट मला मोठी विलक्षण वाटते. वारा फिरेपर्यंत परदेशी व्यापाऱ्यास महिनोन्‌महिने बंदरातच मुक्काम ठोकावा लागे. त्या सक्तीच्या वास्तव्यातून सोयरसंबंध जुळले, मशिदी उभ्या राहिल्या आणि मुळात आफ्रिकी असलेल्या स्वाहिली भाषेत अरबी, फारसी व हिंदुस्थानी शब्दांची भर पडत गेली. १३३१ साली येथे उतरलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने नगरवासीयांची धर्मनिष्ठा, उत्तम बांधणीच्या लाकडी मशिदी, त्यांच्या दारांशी असलेल्या विहिरी, आणि केळी व मासळी हा लोकांचा नित्याचा आहार यांची नोंद करून ठेविली आहे. युरोपीयांनी येऊन हे शहर वसविले, ही समजूत किती निराधार आहे, हे सिद्ध करण्यास एवढा एकच साक्षीदार पुरे.

१४९८ च्या एप्रिलमध्ये वास्को द गामाची जहाजे या पाण्यात आली तेव्हा त्यांचे स्वागत संशयाने झाले, आणि वाटाड्या मिळविण्यास त्यास मालिंदीला जावे लागले. पोर्तुगीजांनी १५०५ मध्ये व पुढेही हे नगर जाळले, लुटले; परंतु येथे कायमचे ठाणे बसविण्याचे त्यांनी मनावर घेतले ते शतकाच्या अखेरीस. १५९३ ते १५९६ या अवधीत जुन्या बंदराच्या मुखावर त्यांनी फोर्ट जीझस हा किल्ला बांधला. त्याचा आराखडा जोवान्नी बात्तिस्ता कैराती या मिलानच्या वास्तुविशारदाने गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या चाकरीत असताना केला. हात-पाय पसरून उताणे पडलेल्या मनुष्यदेहाचा भास होणारी त्याची आकृती युरोपीय प्रबोधनकालाच्या प्रमाणबद्धतेची साक्ष देते. किल्लेदाराच्या नेमणुकीचे हुकूम, शिबंदी आणि रसद ही सारी गोव्याहून येत, आणि मोंबासाच्या जकातीवर व न्यायनिवाड्यावर अखेरचा शब्द मांडवीतीरावरील विजरईचा असे.

गोव्याशी आलेल्या या संबंधाची सर्वांत दारुण कथा युसुफ बिन हसन या मोंबासाच्या राजपुत्राची आहे. त्याच्या बापाचा पोर्तुगीजांशी कलह होऊन खून झाल्यावर या बालकास गोव्यास नेण्यात आले. ऑगस्टिनियन पाद्र्यांच्या हाताखाली तो वाढला, बाप्तिस्मा घेऊन दों जेरोनिमो झाला, आणि १६२६ मध्ये आपल्या पूर्वजांच्या गादीवर मांडलिक म्हणून परत बसविला गेला. किल्लेदारांनी चालविलेला अपमान असह्य होऊन १६३१ साली त्याने किल्ल्यात शिरून किल्लेदारास स्वहस्ते ठार केले, पुन्हा इस्लामचा स्वीकार केला आणि पोर्तुगीज वस्तीची कत्तल करविली. पुढच्याच वर्षी त्यास बेट सोडावे लागले आणि उर्वरित आयुष्य त्याने दर्यावर लूटमार करीत कंठिले. त्याची करणी क्रूर होती, यात शंका नाही. तथापि ज्या सत्तेने एका पोरक्या मुलाचे नाव, धर्म आणि देश बदलून त्यास आपल्या उपयोगाचे हत्यार केले, तिच्यावरील दोष इतिहासकारांनी हलका लेखू नये.

१६९६ च्या मार्चमध्ये ओमानच्या अरबांनी किल्ल्यास वेढा घातला आणि तो पावणेतीन वर्षे चालला. वेढ्यात अडकलेल्यांच्या मदतीस जी जहाजे गोव्याहून धाडण्यात आली, त्यांतील ‘सांतो अंतोनियो दे तान्ना’ ही लढाऊ नौका आपल्या वसईच्या गोदीत बांधलेली होती, आणि तिच्या नावातील तान्ना म्हणजे आपले ठाणे. १६९७ मध्ये ती किल्ल्याच्या तटाखालीच बुडाली. १९७७ पासून काही वर्षे पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी तिचे उत्खनन केले, आणि तिच्यातून निघालेल्या वस्तू आज किल्ल्याच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. उपासमार व रोगराई यांनी मूठभर माणसे उरली असता १६९८ च्या डिसेंबरात किल्ला पडला. गोव्याचे पुढचे आरमार काही दिवसांतच पोहोचले, तो बुरुजावर अरबांचे निशाण होते. मधली एक-दोन वर्षे वगळता पोर्तुगीज अंमल पुन्हा तेथे बसला नाही. पुढे मझरुई घराण्याने व १८३७ नंतर झांझिबारच्या सुलतानांनी येथे राज्य केले.

एकोणिसाव्या शतकातील आणखी एक दुवा नाशिकचा आहे, आणि त्याची माहिती नाशिककरांतही फारशी नसावी, याचे वाईट वाटते. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले ब्रिटिश आरमार मुंबईस उतरवीत असे, आणि त्यांपैकी कित्येकांना नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात ठेवून लिहिणे-वाचणे, सुतारकाम व लोहारकाम शिकविले जाई. मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टनचे शव इंग्लंडपर्यंत पोहोचविणारा जेकब वेनराइट हा तेथलाच विद्यार्थी. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या शिफारशीवरून १८७५ च्या सुमारास मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली, तिला फ्रियर टाऊन असे नाव पडले, आणि तिची उभारणी करण्यास शरणपूरचेच रेव्हरंड प्राइस गेले. त्यांना हातभार लाविला तो ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आपल्या मुलखात शिकून मायभूमीस परतलेल्या स्त्रीपुरुषांनी. त्या वसाहतीची घंटा अद्यापि तेथे जतन केलेली आहे.

१८९५ मध्ये ब्रिटिशांनी संरक्षित राज्य जाहीर केले, तरी दहा मैल रुंदीची किनारपट्टी नावापुरती झांझिबारच्या सुलतानाचीच राहिली. इंग्रज त्याबद्दल वार्षिक खंड भरीत, आणि १९६३ च्या स्वातंत्र्यापर्यंत सुलतानाचे लाल निशाण किल्ल्यावर फडकत असे. दरम्यान १८९६ मध्ये येथून लोहमार्गाचे काम सुरू झाले व १९०१ मध्ये तो व्हिक्टोरिया सरोवरास भिडला. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे बत्तीस हजार मजूर करारावर आणण्यात आले, आणि त्यांतील अडीच हजारांच्या घरात माणसे तेथेच मरण पावली. या लोहमार्गाने शहराचे तोंड समुद्राकडून खंडाच्या अंतर्भागाकडे वळविले. आगगाडीस खोल पाण्याचा धक्का हवा होता, तो किलिंडिनीस मिळाला. राजधानी नैरोबीस गेली. आणि नक्षीदार दरवाजे, लाकडी सज्जे व ओट्यांवर भरणाऱ्या बैठका असलेले जुने शहर, आपल्या बंदरासह, हळूहळू बाजूला पडले.

आज युगांडा, रुआंडा, दक्षिण सुदान आणि काँगोचा पूर्व भाग यांच्या आयात-निर्यातीचा मोठा वाटा किलिंडिनीतून जातो, आणि म्हणून या बंदरावर कोणाचा हुकूम चालावा, हा प्रश्न शहराच्या पोटापाण्याचा झाला आहे. २०१७ साली नैरोबीपर्यंत नवा रुंद लोहमार्ग सुरू झाल्यावर त्याचे कर्ज फिटावे या हेतूने सरकारने बंदरात उतरलेले मालाचे पेटारे (कंटेनर) आगगाडीनेच नैरोबीच्या कोठारात नेऊन तेथे जकात भरण्याची सक्ती केली. तेव्हा मोंबासातील मालमोटारवाले, वखारवाले, जकात-दलाल आणि महामार्गावरील खाणावळवाले यांचा रोजगार बुडाला, व लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. त्यांची तक्रार रास्त होती, कारण ज्या गावाने समुद्राची जोखीम पिढ्यान्‌पिढ्या पत्करिली, त्यास निव्वळ वाटेवरचे नाके करून टाकणे हा अन्याय होता. २०२२ च्या सप्टेंबरात नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीच्याच दिवशी ही सक्ती उठविल्याचे जाहीर केले, आणि मालाच्या जकातीचे काम पुन्हा मोंबासास आले.