चाळीस बारांचा दिवस

पहाटे पावणेपाच

न्यू मेक्सिकोतल्या रटोन गावाच्या दक्षिणेला व्हिटिंग्टन सेंटर आहे. १९७३ साली सुरू झालेलं, ३३ हजार एकरांवर पसरलेलं नेमबाजी केंद्र. उंची साडेसहा हजार फुटांच्या आसपास, त्यामुळे ऐन जुलैतही पहाटे स्वेटर चढवावा लागतो. कोलोरॅडोतून मी आदल्या संध्याकाळीच येऊन इथल्या लाकडी खोलीत मुक्काम ठोकलाय. आज स्पर्धा आहे ती काळ्या दारूची काडतुसं उडवणाऱ्या जुन्या रायफलींची. एका वेळी एकच काडतूस भरायचं, बार काढायचा, रिकामं नळकांडं बाहेर ओढायचं, की पुन्हा पहिल्यापासून.

सकाळचं पहिलं काम म्हणजे काडतुसांचे डबे तपासणं. खरी मेहनत घरी कधीच होऊन गेलेली असते. वीस भाग शिसं आणि एक भाग कथील वितळवून गोळ्या ओतायच्या, थंड झाल्या की एकेक काट्यावर ठेवायची. एक गोळी ५३५ ग्रेनची, म्हणजे जवळपास तीन तोळे. अर्ध्या ग्रेनचा फरक दिसला की गोळी परत भांड्यात. मग लांब नळीतून ६५ ग्रेन दारू सावकाश सोडायची, म्हणजे ती काडतुसात दाटून बसते. वर एक चकती, तिच्यावर मेण आणि चरबी फासलेली गोळी. हे सगळं करताना घाई करणारा माणूस या छंदात फार दिवस टिकत नाही. माझ्या ओळखीतले बहुतेक जण निवृत्त आहेत, तो काही योगायोग नव्हे.

दारूचं प्रमाण ढोबळमानाने जुनंच आहे : ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. हा सोरा एके काळी जगाला बिहारमधून जायचा. अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं तेव्हा, १८६१ च्या अखेरीस, ड्यू पाँट घराण्यातला लॅमॉट ड्यू पाँट इंग्लंडला पोचला आणि तिथे असलेला हिंदुस्थानी सोरा त्याने उत्तरेच्या सैन्यासाठी झपाट्याने विकत घेतला. इथल्या मंडळींना हे सांगितलं की ती माझ्याकडे जरा आदराने बघतात. माझं त्यात कर्तृत्व काहीच नाही, मी कोल्हापूरचा. पण आदर मिळतोय तर नको कशाला म्हणा?

साडेसहा

मैदानावर झेंडे अजून लोंबकळत आहेत. रायफल पेटीतून काढायची आणि तिच्यावर दुर्बीण चढवायची, हे दिवसातलं माझं सर्वांत आवडतं काम.

रायफल विंचेस्टरची, १८८५ च्या मॉडेलची, ‘हाय वॉल’ म्हणतात ती. रचना जॉन ब्राउनिंगची. १८७९ साली, विशीत असताना, त्याने पेटंट घेतलं आणि १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. खालची तरफ पुढे ढकलली की नळीमागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो, काडतूस आत सरकवायचं, तरफ ओढली की ठोकळा वर येऊन मागची बाजू बंद करतो. माझी १८९० च्या दशकातली आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकीला अमेरिकेचा संघीय कायदा ‘अँटिक’ मानतो.

आता दुर्बीण. आजच्या शिकारी रायफलींवर असते तशी आखूड, गुबगुबीत नव्हे. पाऊण इंच जाडीची, नळीच्या टोकापासून माझ्या डोळ्यापर्यंत पोचणारी लांबलचक पितळी-पोलादी काठीच ती. १८५५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावात विल्यम माल्कम या माणसाने अशा दुर्बिणींचा कारखाना काढला. माझी त्याच घाटाची, मात्र नव्याने बनवलेली. आतली भिंगं आजची, म्हणून चित्र स्वच्छ दिसतं. अस्सल जुनी दुर्बीणही मी हाताळलीय. संग्रहात ठेवावी, ओल्या पहाटे तिच्यातून नेम धरू नये.

नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवायचा तर आतलं काही फिरत नाही. अख्खी नळीच मागच्या आधारावर हलते. हे यंत्र उघडं आहे, स्क्रू फिरला की काय हललं ते डोळ्यांना दिसतं. लांबीचा एक फायदा मला उशिरा उमगला. संग्राहकांच्या जगात जुन्या रायफलीला नवं भोक पाडणं म्हणजे महापाप, आणि ते रास्तच आहे. एका ड्रिलने सव्वाशे वर्षांची वस्तू भंगारात निघू शकते. ही लांब दुर्बीण मात्र पुढे माशीच्या खाचेत बसते आणि मागे दस्त्याजवळ, कारखान्यानेच पाडलेल्या भोकांत. माझ्या रायफलीच्या अंगावर एकही नवा ओरखडा नाही.

पुष्कळांना वाटतं, दुर्बीण लावली म्हणजे खेळ सोपा झाला. दुर्बिणीने डोळ्यांची अडचण सुटते. साठी उलटली की मागची खाच, पुढची माशी आणि पाचशे मीटरवरचं लक्ष्य या तीन गोष्टी एकदम स्पष्ट दिसणं बंद होतं. कितीतरी चांगले नेमबाज त्या पायी घरी बसले असते, ते दुर्बिणीमुळे मैदानात आहेत. वाऱ्याची आणि गोळीच्या उताराची अडचण १८८५ मध्ये होती तेवढीच आजही आहे.

आठ : डुकरं

लक्ष्यं पोलादी आकृतींची आहेत. २०० मीटरवर कोंबड्या, ३०० वर डुकरं, ३८५ वर टर्की, ५०० वर मेंढे. खेळ मूळचा मेक्सिकोचा, म्हणून डुक्कर म्हणजे तिथलं रानडुक्कर, हावेलिना. प्रत्येक प्राण्यावर दहा बार, एकूण चाळीस. गोळी लागून भागत नाही, आकृती पडली पाहिजे. हलली, डुलली आणि उभी राहिली तर शून्य. नियम इतर बाबतींतही कडक आहेत. रायफल १८९६ पूर्वीच्या अमेरिकी धाटणीची आणि घोडा बाहेरून दिसणारी हवी, आणि आजची बिनधुराची दारू चालत नाही.

आमच्या तुकडीची सुरुवात डुकरांपासून. चटईवर बसायचं, तिरप्या बांधलेल्या दोन काठ्यांवर नळी टेकवायची. जोडीदार माझ्या मागे मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून. तो वेल्डिंगच्या कामातून निवृत्त झालेला, मितभाषी माणूस. दिवसभरातलं त्याचं बहुतेक बोलणं ‘अर्धा उजवीकडे’ आणि ‘थांब’ एवढ्यातच मावतं.

डुकरं भराभर पडली. सकाळी वारा नसतो, तेव्हा डुकरं सगळ्यांचीच पडतात. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

सव्वानऊ : टर्की

टर्की उंच, पण अंग अरुंद. 

प्रत्येक बारानंतर एक विधी असतो. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून घन राख होतो आणि नळीत चिकटतो. इथली हवा इतकी कोरडी की ती राख क्षणात कडक होते आणि पुढची गोळी भलतीकडे जाते. म्हणून रायफल उघडून मागच्या बाजूला एक नळकांडं लावायचं आणि तोंडाने तीन-चार लांब श्वास आत फुंकायचे. श्वासातली ओल राखेला मऊ करते. समोर घड्याळ पळतंय, मागून जोडीदार ‘वारा आला’ म्हणतोय आणि तुम्ही रायफलीत फुंकर घालताय. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू फुटतं. बिनफुंकरीच्या दोन बारांनंतर ते मावळतं.

मग जोडीदाराची पाळी, आणि मी मोठ्या दुर्बिणीवर. हे काम मला नेम धरण्याइतकंच जबाबदारीचं वाटतं. लक्ष्यं डावीकडून उजवीकडे क्रमानेच पाडायची असतात. भलतंच पाडलं तर ते वाया. २६ सप्टेंबर १८७४ ला लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. आयरिश संघाकडे ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. आयर्लंडच्या मिल्नरने अगदी मध्यावर गोळी मारली, पण शेजारच्या लक्ष्यावर. त्या गोळीचे चार गुण बुडाले. अमेरिका जिंकली ९३४ विरुद्ध ९३१ ने. तेव्हा त्याच्या मागे जोडीदार कोण होता, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं.

साडेदहा : मेंढे

आता वारा उठलाय. तोही एका दिशेचा नाही. आमच्या पायाशी डावीकडून, मधल्या ओढ्यापाशी शांत, आणि मेंढ्यांच्या पुढ्यात उजवीकडून. झेंडे तिन्ही ठिकाणी वेगळं सांगतात. जोडीदार झेंड्यांपेक्षा तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथर जास्त बघतो. ती कुठे वाहतेय आणि कधी सरळ वर उकळतेय, त्यावर त्याचा हिशेब.

आमची गोळी जड आणि संथ. पाचशे मीटर कापायला तिला दीड सेकंदाच्या वर वेळ लागतो आणि वाटेत ती सुमारे तीन मीटर वर चढून खाली उतरते. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला तीन फुटांहून जास्त ढकलतो, म्हणजे एका मेंढ्याच्या लांबीपेक्षा जास्त. नेम अचूक असूनही वाऱ्याचा अंदाज चुकला तर गोळी दोन मेंढ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून मातीत.

चाप ओढला की पहिल्यांदा पांढऱ्या धुराचा पडदा. गंधकाचा वास, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच्या गल्लीसारखा. धुरातून काही दिसत नाही. मग जोडीदाराचा शब्द येतो, ‘पडला’, आणि तो येऊन गेल्यावर ठण्ण असा आवाज. गोळी तिथे पोचायला दीड सेकंद, आवाज परत यायला जवळपास तेवढाच वेळ. हे मधले तीन सेकंद मला इतके आवडतात की मी कधी कधी जोडीदाराला सांगतो, तू बोलू नकोस, मला आवाजच ऐकू दे. तो ऐकत नाही.

आजचा एक मेंढा मात्र डोळ्यांदेखत मागे कलला, विचार केल्यासारखा थांबला आणि पुन्हा पायांवर आला. जोडीदार म्हणाला, “लागला.” गुणलेखकाने शून्य लिहिलं. नियम आहे.

बारा : कोंबड्या

उभं राहून, आधाराशिवाय, साडेपाच-सहा किलोची रायफल हातात धरून. भर वाऱ्यात. दुर्बीण इथे वैरीण होते, कारण सहापट मोठं होऊन जे दिसतं त्यात तुमचा थरकापही सहापट असतो. नेमाची फुली कोंबडीभोवती प्रदक्षिणा घालत राहते. याबद्दल जास्त न लिहिलेलंच बरं.

एक

न्यू मेक्सिकोच्या हिरव्या मिरच्यांचं कालवण, आणि मी आणलेली पोळी आणि लसणाची चटणी. जोडीदार चटणीवर तुटून पडतो आणि मिरच्यांना फिक्या म्हणतो.

दोन

धुणं. काळ्या दारूची राख हवेतली ओल खेचून घेते आणि पोलाद गंजवते, म्हणून हे काम उद्यावर टाकता येत नाही. रिकामी काडतुसं साबणाच्या पाण्याच्या बादलीत. नळीतून आधी ओल्या चिंध्या, मग कोरड्या, शेवटी तेलाची. पहिली चिंधी कोळशासारखी काळी निघते, शेवटची पांढरी निघेपर्यंत चालू ठेवायचं. इथे नेहमी होतं तसं दुपारी डोंगरावर ढग जमले आणि विजा दिसताच मैदान बंद. उरलेल्या तुकड्या शेडमध्ये बसून राहिल्या.

साडेतीन

पावसात मंडळी टेबलांवर आपापल्या जुन्या रायफली मांडून बसतात. खरेदी-विक्री थोडी, गप्पा फार. शार्प्सची १८७४ ची रायफल दिसली की मालक सांगणारच, ही रानगव्यांच्या शिकाऱ्याची. शार्प्स कंपनी १८८१ मध्ये बंद पडली, आणि तिने बनवलेली प्रत्येक रायफल गव्यांवरच चालली असं मानायचं तर हिशेब जुळत नाही. १९९० च्या ‘क्विग्ली डाउन अंडर’ या चित्रपटानंतर या गोष्टी आणखी वाढल्या. कथा जोडली की किंमत चढते, एवढाच त्यातला अर्थ.

आणि कथा खरी असली तरी मला तिचा अभिमान वाटत नाही. १८८९ मध्ये हॉर्नाडे या प्राणिशास्त्रज्ञाने गणती केली तेव्हा, कोट्यवधींच्या कळपांतून अवघे हजारभर गवे उरले होते. त्यांच्यावर जगणाऱ्या जमातींचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. टेबलावर हा विषय निघत नाही. मी काढला की सगळे मान डोलावतात आणि पुन्हा नळीच्या लांबीवर बोलू लागतात.

मी विकत घेताना कथेपेक्षा कागद बघतो. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत. क्रमांक कळवला की ते पत्र देतात : कोणतं काडतूस, नळी किती लांब, कोणत्या तारखेला गोदामातून निघाली. माझ्या रायफलीच्या पत्रात शिकारी नाही, दरोडेखोर नाही, काहीच नाही. नुसती तारीख आणि मापं. रायफल पत्राबरहुकूम आहे, आणि मला तेवढं पुरतं.

रात्री साडेआठ

कोल्हापुरात सकाळचे आठ. धाकट्या भावाचा फोन, चहाच्या वेळी. तो दर वेळी स्वप्नील कुसळेपासून सुरू करतो, आणि करावंच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या मुलाने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं.

“दादा, त्याची रायफल पण एकेक काडतुसाचीच की.”

“होय. पण त्याची पन्नास मीटरवर, आणि दुर्बिणीशिवाय.”

“म्हणजे तुझं सोपं?”

मी विषय बदलला. ही रायफल गावी आणता येईल का, हाही त्याचा ठरलेला प्रश्न. भारतात परवाना लागतो, सर्वसाधारण परवानाधारकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच बंदुका ठेवता येतात, आयातीच्या परवानग्या निराळ्या. शिवाय मैदान कुठलं? पाचशे मीटरवर मेंढा उभा करायचा म्हटलं तर शेजारची चार शेतं लागतील.

“बरं, आज गोळ्या किती उडवल्यास?”

“चाळीस. आणि सुरुवातीच्या चाचणीच्या थोड्या.”

“पहाटे पाचपासून चाळीसच? मग उरलेला दिवसभर करतोस काय?”

“भांडी घासतो.”