विजेचा शेजारधर्म

आपल्या झाडीपट्टीत दोन बोड्या जवळजवळ असल्या, तर पाट काढून एकीचे पाणी दुसरीत नेता येते. गरजेपुरते पाणी गेले की पाटाचे तोंड बुजवायचे. एका गावाची उरलेली वीज शेजारच्या गावाला अशीच देता येईल काय?

दोन जाळी तारेने सरळ जोडावीत, हे उत्तर सहज सुचते. परंतु आपल्याकडील प्रत्यावर्ती वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि जोडलेल्या जाळ्यांची आवर्तने तंतोतंत एका तालात असावी लागतात. एका जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक कोसळला, तर दुसऱ्याचीही मान आवळते. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कोसळले, तेव्हा पूर्वेची व ईशान्येची जाळीही त्याबरोबर गेली. दक्षिणेचे जाळे मात्र टिकले, कारण त्या वेळी ते इतरांशी अशा एका जुवात नव्हते.

मग दक्षिणेशी देवाणघेवाण होई ती कशी? त्याचे एक उत्तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीला आहे. तेथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात १००० मेगावॉट क्षमतेचे केंद्र उभे राहिले. एका बाजूची प्रत्यावर्ती वीज तेथे एकदिश केली जाते आणि लगेच, त्याच आवारात, दुसऱ्या बाजूच्या तालावर पुन्हा प्रत्यावर्ती केली जाते. त्यामुळे ताल जुळण्याची अट उरत नाही, आणि किती वीज सोडायची हेही ठरवता येते. पाटाच्या तोंडावरचे दारच ते! ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण भारत उर्वरित देशाशी एका तालात जोडला गेला. तोवर अशा सांध्यांवरच भिस्त होती.

हेच तत्त्व जंगलातील छोट्या सौर जाळ्यांनाही लागू पडते. एका गावात भर दुपारी वीज उरते, त्याच वेळी शेजारच्या गावात धान भरडण्याची गिरणी चालवायची असते. मध्ये छोटे परिवर्तक यंत्र आणि हिशेबाला मीटर बसवले की काम भागते. मात्र बॅटरीत रात्रीपुरती वीज राखूनच उरलेली द्यावी. नाहीतर शेजाऱ्याची गिरणी चालेल, आणि आपल्या आरोग्य उपकेंद्रात बाळंतिणीच्या उशाचा दिवा विझेल.

ठरवलेली मर्यादा यंत्र बिनचूक पाळते. ती किती असावी, हे मात्र यंत्राला कळत नाही. ते दोन्ही गावांनी ग्रामसभेत बसून, अडचण येण्याआधीच ठरवायचे असते.